खालून वाजणारी घंटा

आण्णा, परवा तुझ्या तेराव्याला तो सर तुझ्या ओट्यावर बसला. जिंतूरला पोरांचे वर्ग घेतो तोच. बरोबर तुझ्या जागेवर, तुझं काळं घोंगडं अंगाखाली ओढून. बायका आत भाताची पातेली उतरवत होत्या, मी दारात उभी होते. त्यानं तुझ्या फोटोला हात जोडले, माझ्या भास्करला समोर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजपासून तुझ्या मामांची जागा मी घेतली." म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी मात्र पदराला हात लावला नाही. तू जन्मात कुणाला असं समोर बसवलं नव्हतंस.

तू भांडण अर्ध्यावर टाकून गेलास, हे काही बरं केलं नाहीस. शाळेला निघाला होतास, वाटेत छातीत कळ आली आणि शेताच्या बांधावर बसलास तो उठलाच नाहीस. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं, कुणाला त्रास दिला नाही. तुला काय होतं त्रास न द्यायला! मला अजून निम्मं बोलायचं होतं. आज सकाळी माझ्या घरात जे घडलं तेही तुला सांगायचंय, पण ते शेवटी. आधी आपलं जुनं भांडण.

तू काय करत होतास, त्याला आपल्याकडं नावच नव्हतं. प्राथमिक शाळेचा मास्तर तू, पण शाळा सुटली की ओट्यावर दुसरी शाळा भरायची. भविष्य तू सांगत नव्हतास, अंगारा देत नव्हतास, कुणाच्या बाजूनं पंचायतीतही बोलत नव्हतास. तरी लोक यायचे. "आण्णाकडं जरा बसून येतो," एवढंच सांगून यायचे. पोरगी सासरी पाठवायची का, पोराला आयटीआयला घालायचं का, मेंढरं विकून शेत घ्यावं का. तू त्यांना शेजारी बसवायचास. दोघांची तोंडं समोरच्या माळाकडं. मी एकदा विचारलं होतं, हा काय प्रकार? तू म्हणालास, "समोर बसवलं की कोर्ट हुतंय. शेजारी बसलं की माणूस आपल्याशीच बोलतंय."

आणि मग तू नुसता विचारत बसायचास. "बरं, मग?" "तुला सोताला काय वाटतंय?" "हे न्हाई केलं तर काय व्हईल?" समोरचा चिडायचा, कधी रडायचा, कधी तासभर गप्प बसायचा. तूही गप्प. घुम्याच होतास तू. आई म्हणायची, ह्याच्या तोंडातून शब्द काढण्यापेक्षा कोरड्या विहिरीतून पाणी काढणं सोपं. पण माणूस उठून जाताना काहीतरी ठरवून जायचा आणि ते त्यानंच ठरवलेलं असायचं. घरी जाऊन सांगायचा, आण्णांनी सांगितलं म्हणून. तू हसायचास. तू तर काहीच सांगितलेलं नसायचं.

सगळ्यांना तू बसवूनही घेत नव्हतास. गल्लीतली शांता आठवते? तिला झोप येत नव्हती, विहिरीच्या काठाशी जाऊन उभी राहायची. तिचा नवरा तिला तुझ्याकडं घेऊन आला. तू तिच्याकडं एकदा पाहिलंस आणि म्हणालास, "ह्ये माझं काम न्हाई. हिला आज परभणीच्या दवाखान्यात न्या. मी संग येतो." आणि खरंच एसटीत बसून गेलास. शांता वाचली. तो शिंप्याचा पोरगा दर आठवड्याला यायला लागला, तेव्हा त्याला तू काय म्हणालास? "आता येऊ नको. तुला माझी सवय व्हायलीय." तो बिचारा रुसून गेला. आता तो पाथरीला स्वतःचं दुकान चालवतो. तुझ्या मातीला आला होता आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच रडत होता.

मीही तुझ्याच ओट्यावरची. लग्न झालं, भास्कर झाला आणि मला दहावीला बसायची हुक्की आली. सासूबाई म्हणाल्या, हिला वारं लागलंय. मी रडत तुझ्याकडं आले. वाटलं, तू येऊन सासरच्यांना दोन शब्द सुनावशील. थोरला भाऊ कशाला असतो? तू विचारलंस, "नापास झालीस तर?" मी म्हटलं, पुन्हा बसेन. "हसले लोक तर?" हसू देत. "मग माझ्याकडं काहून आलीस?" त्या दिवशी मला तुझा इतका राग आला होता की तुझ्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. पण सासूबाईंशी मी माझ्या तोंडानं बोलले. आज अंगणवाडीत पोरांना शिकवते ती त्या रागाच्या जोरावर. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते आहे, तर ऐकायला तू नाहीस.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. तू सांगत का नाहीस? तुला दिसतं ना, समोरचा खड्ड्यात चाललाय? मग ओरड की! तू म्हणायचास, "वरडून थांबवलेला माणूस पाठ फिरली की परत जातोय." मी म्हणायचे, हे सगळं शेजाऱ्यांच्या पोरांबाबत ठीक आहे, आपल्या पोराबाबत बोल. तेव्हा तू गप्प बसायचास. मला कारण माहीत होतं. मी होते की तिथं.

आपण लहान असताना आबा मेंढरं घेऊन वावरावावरातून हिंडायचे. मेंढरू आपलं आपण चालत नाही, म्हणून कळपात चार शेरडं ठेवायची आणि एकाच्या गळ्यात पितळेची घंटा बांधायची. घंटा जाईल तिकडं कळप. आबा घंटा बांधायला घाई करत नसत. आख्खा हंगाम शेरडाची चाल बघायचे. पाणी दिसल्यावर जे थांबून हुंगतं आणि मागं वळून कळपाकडं बघतं, त्याच्याच गळ्यात. म्हणून घंटा कायम त्या मरतुकड्या, कान फाटलेल्या शेळीकडं असायची आणि तुला त्याची लाज वाटायची. तुला तो तांबडा बोकड आवडायचा. काय त्याची शिंगं, काय त्याची चाल! सगळ्यांच्या पुढं, मान वर, मागं बघायचं नावच नाही. आबा आत्याकडं गेले आणि तू घंटा सोडून बोकडाला बांधलीस. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. बोकड खदानीच्या कडेला गेला आणि थांबला नाही. खाली पडला, पण मेला नाही. पाय झाडत राहिला आणि घंटा वाजत राहिली. मेंढरांना घंटेचा आवाज खालून येतोय हे काय कळणार? ती आवाजाकडं निघाली. एकामागं एक. तू काठी घेऊन आडवा पडलास, मी ओरडून ओरडून घसा फोडला, पण आपल्याकडं बघायला कुणाला सवड होती? शेवटी तू खरचटत खाली उतरलास आणि घंटा मुठीत धरलीस. आवाज थांबला तेव्हा कळप थांबला. खाली जे पडलं होतं ते मी पाहिलं नाही, तू मला पाहू दिलं नाहीस. आबांनी तुला मारलंही नाही. ती घंटा तू पुढं आयुष्यभर खुंटीला टांगून ठेवलीस आणि कुणाच्या पुढं म्हणून चाललास नाहीस.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा मी सासरी होते. तू एवढंच म्हणत होतास, "नाव दिल्यानं कुणाची भाकरी कमी व्हत न्हाई, त्येंची मान मात्र वर हुईल." त्यावरून लोकांनी तुझ्याशी बोलणं सोडलं होतं. तेव्हाही पोरांना वाट दाखवणारा एक जण तालुक्याहून यायचा. पोरं त्याच्यामागं गेली आणि पलीकडच्या गावची दलित वस्ती जळाली. आपल्या माळावरून धूर दिसला म्हणे. त्या दिवसाबद्दल तू कधी बोलला नाहीस. मला वाटायचं, तू घरात बसून राहिलास. तुझ्याबद्दल मनात एक अढी होती माझ्या, ती परवा सुटली.

सर जीपमध्ये बसून गेल्यावर आपला नारायण माझ्याजवळ आला. तुझ्या शेजारच्या घरातला, आता पोराबाळांचा बाप झालेला. म्हणाला, "ताई, त्या दिशी मी बी निघालो हुतो. आण्णा वेशीत हुबे. आडवलं न्हाई कुणाला. मला येवडंच म्हणले, नारायणा, जा. पर उद्या उजेडात, एकटा, तूच पेटवलेल्या घरावरनं पानी आणाया जाशील का? मी म्हणलो, जाईन की, काय भ्या हाय? आन् जरा म्होरं गेलो तर पाय उचलंना. माघारी आलो." मी विचारलं, आणि बाकीचे? "त्येंला बी इचारलं आण्णांनी. मी येकटाच आलो." मग म्हणाला, "आण्णा लय रडले त्या दिशी. म्हणले, ह्या बारीला मला घंटा धरता आली न्हाई." त्याला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता. मला कळला.

आता नामांतर होणार म्हणतात. आज होणार, उद्या होणार. भिंतींवर दोन्ही बाजूंनी लिहिलंय. बाजार लवकर उठतो. हे एसटीवर ड्युटीला निघाले की मी काच फुटल्याची बातमी ऐकायच्या तयारीत असते. अशा दिवसांत भास्करला हा सर भेटला. सुरुवातीला मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पोरगं बारावीत नापास होऊन भिंतीकडं तोंड करून पडलं होतं. सरांच्या वर्गाला जायला लागलं आणि पहाटे उठायला लागलं, केस नीट विंचरायला लागलं. "सर म्हणतात, माझ्यात लय ताकद हाय." कोणत्या आईला हे नको असतं? तू तर नुसतं विचारणार, तुला काय वाटतंय. त्याला तर काहीच वाटत नव्हतं.

तू जिंतूरला जाऊन त्या वर्गात मागं बसून आलास. मी विचारलं, कसा आहे? म्हणालास, "बोलतोय लय झकास. मी सुदा सरळ बसलो. पर इतक्या येळात एका बी पोरानं त्येला काय इचारलं न्हाई, आन् त्येनं बी कुणाला न्हाई." दुसरं म्हणजे त्यानं पोरांकडून शब्द घेतला होता. आयुष्यातला कुठलाही निर्णय घ्यायचा तर आधी सरांना विचारायचं, घरच्यांना नाही. त्यावर तू भास्करला म्हणालास, "पाणी गाळून पितोस ना? मग माणूस बी गाळून घे. त्येला म्हणून बघ, सर, मी आता यायचं बंद करायलोय. मग काय हुतंय ते बघ. जो खरा आसंल तो म्हणंल, बरं, जा बाबा."

हेच तुला सांगायचं राहिलं, आण्णा. भास्कर खरंच तसं म्हणाला. सर हसला, त्यानं मिठी मारली आणि जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं आमच्या दारात आली. "भास्कर आजारी हाय का, काकू?" अगदी गोड बोलली. मी पाणी दिलं, ते प्याली आणि ओट्यावर बसून राहिली. दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. कुणी काही मागितलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. पुढच्या दिवशी भास्कर पुन्हा वर्गाला गेला. तुझ्याकडं यायला मी निघणारच होते, तर तुझीच खबर आली.

शुक्रवारी, तुझ्या तेराव्याच्याच संध्याकाळी, पोरगं रॉकेलचा डबा घेऊन घरी आलं.

"काहून रे एवढं रॉकेल?"

"रविवारी दिसभर शिबीर हाय. कंदील लावायचेत."

"कुठं?"

"गाडीत बसल्यावर सांगणार हायेत."

"दिवसा कंदील?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. डबा परसदारी नेऊन ठेवला. दोन दिवस मी त्या डब्याभोवती फिरले. आमच्या गावचं भीमनगर गावाबाहेर, सडकेला लागूनच आहे आणि भास्करचा पहिलीपासूनचा सोबती मिलिंद तिथंच राहतो. मिलिंदच्या आईच्या हातची भाकरी खाऊन माझं पोरगं मोठं झालं. दर रविवारी संध्याकाळी तिकडं जेवण ठरलेलं. गेल्या दोन महिन्यांत ते बंद पडलं होतं आणि मला वाटलं होतं, पोरं मोठी झाली की असंच होतं.

आज रविवार. हे पाथरीच्या गाडीवर गेलेले. सकाळी उठून मी पहिलं काय केलं असेल? भास्करचे बूट ज्वारीच्या कणगीत लपवले. हस, हस तू. पोरगं घरभर बूट शोधतंय आणि मी चुलीपुढं साळसूदासारखी बसलेली. मग माझं मलाच कसंतरी झालं. बूट नसले तर अनवाणी जाईल, कडी लावली तर भिंत चढून जाईल. मी बूट काढले, ज्वारी झटकली आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याच्या शेजारी बसले, दोघांची तोंडं अंगणाकडं. तुझी आठवण काढली आणि विचारलं, "भास्कर, आज संध्याकाळी मिलिंदकडं जेवायला जाशील का?"

तो नाडी बांधत होता, तिथंच थांबला. हात नाकाशी नेऊन त्यानं रॉकेलचा वास घेतला. वाटेवर जीपचा हॉर्न वाजला. मी गप्प बसले. आण्णा, ते गप्प बसणं किती अवघड असतं हे मला आज कळलं. तू ते इतकी वर्षं कसं केलंस? पुन्हा हॉर्न वाजला. भास्कर म्हणाला, "आई, मला वाटायलंय, जीप तिकडंच जाणार हाय."

एवढं बोलून तो उठला, परसात गेला आणि त्यानं डबा उपडा केला. मला वाटलं, झालं, जिंकलो आपण, आता दाराला कडी लावायची. तर तो सायकल काढायला लागला. मागच्या पाणंदीनं. मी धावत जाऊन हँडल धरलं. "कुठं चाललास?"

"मिलिंदला सांगाया. जीप सडकेनं फिरून, गावागावची पोरं घेऊन तिथं येईस्तोवर मी पोचतो."

तेव्हा मी ते केलं जे तू कधी केलं नाहीस. ओरडले. "जाऊ नको! मी सांगते, तुझी आई सांगते, जाऊ नको. ती पोरं तुला सोडायची न्हाईत." सगळी गल्ली ऐकेल एवढ्यानं ओरडले. भास्करनं माझा हात हँडलवरून काढला नाही. शांतपणे माझ्याकडं पाहिलं, अगदी तुझ्यासारखं, आणि विचारलं, "मग कुणी जावं, आई?"

माझा हात कधी सुटला ते मला कळलं नाही. पाणंदीच्या वळणावर त्यानं एकदा मागं वळून पाहिलं.

जीप थोडा वेळ हॉर्न वाजवत उभी होती. मग इतरांच्या दारातून एकेक पोरगं बाहेर आलं. त्यांच्या आया मला माहीत आहेत, त्यांची पोरं माझ्या अंगणवाडीत होती. मी दारात येऊन त्यांना हाका मारल्या, नावं घेऊन. एकानं हात हलवला, शिबिराला जाताना हलवतात तसा. जीप सडकेला लागली. बराच वेळ हॉर्नचा आवाज खालच्या अंगानं येत राहिला.

आता उन्हं कलली आहेत. परसातल्या मातीला रॉकेलचा वास येतोय, घरातही तोच वास आहे. नारायणला निरोप धाडला, तो तुझ्या गावातनं माणसं घेऊन आला आणि भीमनगरकडं गेलाय. जाताना मला म्हणाला, "ताई, तुमी घर सोडू नका, भास्कर आला तर?" म्हणून मी इथं बसले आहे आणि तुझ्याशी बोलते आहे. सडकेकडून मघाशी गलका आल्यासारखा वाटला. मग काहीच नाही. धूर दिसत नाही अजून. दर थोड्या वेळानं उठून बघते.

तू मला विचारायला शिकवलंस, आण्णा. विचारल्यावर पोरगं आपल्या पायानं चालायला लागतं हेही दाखवलंस. पण ते चालायला लागल्यावर मागं राहिलेल्या आईनं काय करायचं, हे तू सांगितलंच नाहीस. आणि मला माहीत आहे, आत्ता तू इथं असतास तर शेजारी बसून माळाकडं बघत म्हणाला असतास, "तुला काय वाटतंय?" मी चुलीतलं लाकूड घेऊन तुझ्या अंगावर धावले असते.

ये ना आण्णा. भांडायला तरी ये.